बाबांची प्रोस्टेटची गोळी, आठ दिवसांचा खंड आणि रात्रीची चक्कर

तिन्हीसांज | २१ डिसेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. एरवी मी फक्त वाचते, पण आज लिहायलाच पाहिजे असं वाटलं, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझे बाबा ७२ वर्षांचे, इस्लामपूरला असतात, आई गेल्यापासून खालच्या मजल्यावर एकटेच, वर चुलतभाऊ आणि वहिनी. बीपी जुनं आहे, १५ वर्षं तरी झाली, अ‍ॅम्लोडिपिन चालू. गणपतीच्या आसपास लघवीचा त्रास फार वाढला, रात्रीत चार चार वेळा उठायचं, धार बारीक, नुसतं उभं राहून वाट बघायची. सोनोग्राफीत प्रोस्टेट वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी टेराझोसिन दिली, म्हणाले ही बीपीला पण चालते आणि प्रोस्टेटला पण, रात्री झोपतानाच घ्यायची. आधी १ एमजी, मग २, मग ५. खरंच गुण आला, नोव्हेंबरात बाबा स्वतःहून फोनवर म्हणाले की आता रात्री एकदाच उठतो.

मग दत्त जयंतीच्या सप्ताहाला नरसोबाच्या वाडीला गेले. बीपीची गोळी पिशवीत होती, ही मात्र फ्रिजवरच्या डब्यात राहिली. मला फोनवर म्हणाले, "अगं लघवीचीच गोळी आहे ती, आठ दिवसांत काय होतंय." मी पण म्हटलं ठीक आहे, आल्यावर चालू करा. हे मी म्हटलं, हेच सारखं डोक्यात येतंय.

आठ दिवसांनी घरी आले, जेवले, १० वाजता ५ ची अख्खी गोळी घेतली आणि झोपले. साडेअकराला लघवीला उठले, बाथरूमच्या उंबऱ्यापाशी डोळ्यापुढे अंधारी आली एवढंच त्यांना आठवतंय. बादली आपटल्याचा आवाज आला म्हणून भाऊ खाली पळत आला. कपाळाला चार टाके, डाव्या मनगटाला क्रॅक. दवाखान्यात सीटी, ईसीजी, शुगर सगळं बघितलं, सगळं नॉर्मल. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं कुठली गोळी नवीन चालू केली का, आम्ही सगळे म्हणालो नाही. खोटं नव्हतंच ते, नवीन काहीच नव्हतं. तिसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी वेगळा प्रश्न विचारला, "मध्ये बंद होती का?" आणि मग सगळा उलगडा झाला.

आता बाबा ती गोळी घ्यायलाच तयार नाहीत, म्हणतात पुन्हा पडायचं नाही मला. आणि रात्री चार वेळा उठणं परत सुरू झालंय, म्हणजे अंधारात चार वेळा चालणं, मला त्याचीच जास्त भीती वाटते. कोणाच्या घरी ही किंवा असली गोळी चालू असेल तर प्लीज लिहा.

गोदाकाठचा_डॉक्टर | २१ डिसेंबर, रात्री ११:०५

ताई, आधी बाबांना सांगा की त्यांची चूक नाही, तुमचीही नाही. मी नाशिकला फिजिशियन आहे, हा प्रकार आम्ही बघतो. याला फर्स्ट डोस इफेक्ट म्हणतात. टेराझोसिन, प्राझोसिन, डॉक्सॅझोसिन ही एकाच घरातली भावंडं, अल्फा ब्लॉकर. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत जे बारीक स्नायू असतात ते या गोळीनं सैल पडतात म्हणून बीपी उतरतं, आणि तसेच स्नायू प्रोस्टेटमध्ये आणि मूत्राशयाच्या तोंडाशी असतात, ते सैल पडले की लघवीची वाट मोकळी होते. प्रोस्टेट त्यानं लहान होत नाही, फक्त आवळ सुटतो.

आता आपण आडवे असताना उठून उभे राहिलो की अर्धा पाऊण लिटर रक्त पायात आणि पोटात उतरतं. शरीर एरवी लगेच वाहिन्या आवळून ते वर ढकलतं. गोळीनं नेमकं ते आवळणंच बंद पाडलेलं असतं, मग मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं आणि माणूस कोसळतो. रोज घेत गेलं की शरीर सरावतं, म्हणून तर १ एमजीनं सुरुवात करून चढवत नेतात. पण चार-पाच दिवस गोळी बंद राहिली की हा सराव मोडतो, आणि मग जुनी ५ एमजी शरीराला पहिल्या दिवशीच ५ दिल्यासारखी लागते. म्हणून नियम असा की काही दिवस खंड पडला तर डॉक्टरांना विचारून परत १ पासून चढायचं. एक दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी नेहमीचीच घ्या, दोन एकदम घेऊ नका. आणि वेळ बघा, १० ला गोळी आणि साडेअकराला चक्कर. पहिल्या डोसनंतरचे एक-दीड तासच सगळ्यात नाजूक असतात.

गोळी सोडून देणं हा उपाय नाही, पण स्वतःहून परत चालूही करू नका. डॉक्टरांकडे जाताना एक काम करा, बीपीचं मशीन घरी असेल तर बाबांना पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी घ्या, मग उभं करून एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी परत घ्या. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर ते लिहून न्या. खुर्चीत बसवून घेतलेल्या बीपीत हे कधीच दिसत नाही.

निशिगंध | २१ डिसेंबर, रात्री ११:४०

बाप रे, वाचतानाच धडधडलं. बाबांना लवकर बरं वाटू दे. आमच्या सासऱ्यांना टॅमसुलोसिन आहे, ती पण यातलीच का?

गोदाकाठचा_डॉक्टर | २२ डिसेंबर, सकाळी ७:२०

हो, त्याच घरातली पण धाकटी. टॅमसुलोसिनचा जोर प्रोस्टेटवर जास्त आणि बीपीवर कमी, म्हणून ती ०.४ एमजीनंच थेट सुरू करतात. पण कमी म्हणजे शून्य नाही. रोज एकाच जेवणानंतर अर्ध्या तासानं घ्यायला सांगा, उपाशीपोटी ती रक्तात भराभर चढते आणि चक्कर येऊ शकते. कॅप्सूल उघडून दाणे पाण्यात ढवळून घेणारे पण भेटतात, तसं करू नये, ते दाणे हळूहळू विरघळायला बनवलेले असतात.

रंकाळा_मेडिकल | २२ डिसेंबर, सकाळी ९:५०

मी कोल्हापुरात मेडिकल चालवतो, २२ वर्षं झाली काउंटरवर, त्यामुळं थोडं आमच्या बाजूनं सांगतो.

सगळ्यात जास्त जे दिसतं ते म्हणजे दोन डॉक्टर आणि दोन चिठ्ठ्या. बीपीच्या डॉक्टरांनी प्राझोसिन दिलेली असते, पेशंट आणि घरचे तिला फक्त बीपीची गोळी म्हणून ओळखतात. पुढं लघवीचा त्रास झाला की दुसऱ्या डॉक्टरांकडं जातात, ते विचारतात काय काय चालू आहे, काका सांगतात बीपीची एक पांढरी गोळी. मग तिकडनं टॅमसुलोसिन मिळते. म्हणजे एकाच कामाच्या दोन गोळ्या एका पोटात. मागच्या उन्हाळ्यात एक काका असेच आले, मुलगी हाताला धरून घेऊन आलेली, रोज सकाळी चक्कर येते म्हणून चक्करची गोळी मागायला. मी म्हटलं आधी सगळ्या पट्ट्या दाखवा. पिशवीतनं काढल्या तर दोन्ही होत्या. मी चक्करची गोळी दिली नाही, डॉक्टरांना फोन लावून दिला, त्यांनी एक बंद केली. कृपा करून चिठ्ठी नाही, पट्ट्याच घेऊन जात जावा, सगळ्या, शुगरच्या सुद्धा.

दुसरं, पट्टीच्या नावात शेवटी डी असलं तर बऱ्याच वेळा त्यात ड्युटास्टेराइड पण असते. मागं नाव बघा, डी म्हटलं म्हणजे नुसतं जास्त पावरचं असं नसतं. ती प्रोस्टेट खरोखर आकसवते पण तिला सहा महिने तरी लागतात, महिन्याभरात फरक नाही म्हणून सोडू नका. आणि ती घेत असताना पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका बघायच्या रक्ततपासणीचा, आकडा साधारण निम्मा दिसतो, म्हणून रिपोर्ट दाखवताना डॉक्टरांना सांगायचं की ही चालू आहे, नाहीतर वाढलेला आकडा नॉर्मल वाटून जातो. घरात गरोदर सून-मुलगी असेल तर फुटलेली कॅप्सूल त्यांनी हातात धरू नये, हे मी प्रत्येकाला सांगतोच.

तिसरं, एक्सएल लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी तोडायची नाही, चावायची नाही. काही एक्सएल गोळ्यांचं टरफल शौचातनं जसंच्या तसं बाहेर पडतं आणि लोक घाबरून येतात की गोळी विरघळलीच नाही. औषध आत गेलेलं असतं, ते नुसतं कवच.

सावित्रीकाठ | २२ डिसेंबर, दुपारी २:१५

प्राझोसिनचं नाव वाचून लिहावंसं वाटलं. मी महाडची. आमच्याकडं ही गोळी बीपीची म्हणून कमी आणि विंचवाची म्हणून जास्त माहीत आहे. पद्मश्री डॉ. हिम्मतराव बावस्करांनी इथंच तिचा उपयोग लाल विंचवाच्या दंशावर केला, आणि जिथं आधी शंभरातले ४० पेशंट दगावत होते तिथं हे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आलं. लाल विंचवाच्या विषानं अंगात अ‍ॅड्रिनलिनसारखी द्रव्यं नुसती उसळतात, रक्तवाहिन्या करकचून आवळल्या जातात, हातपाय गार पडतात, घाम फुटतो, हृदयावर भार येऊन फुफ्फुसात पाणी होतं. ते आवळणं प्राझोसिन सोडवते. म्हणजे डॉक्टरांनी वर जे सांगितलं तेच, तिथं तेच जीव वाचवतं.

माझ्या भाच्याला सहा वर्षांचा असताना भाताच्या पेंढ्यात विंचू चावला होता. गोळी दिल्यावर तिथल्या सिस्टरनी वहिनीला बजावलं होतं, पोर कितीही रडलं तरी उचलून कडेवर घ्यायचं नाही, आडवंच ठेवायचं. वहिनी रात्रभर कॉटला टेकून त्याच्यावर वाकून बसली होती, गालाला गाल लावून, पण उचललं नाही. तेव्हा आम्हाला वाटलं विष चढू नये म्हणून असेल. आज तुमचा धागा वाचून कळलं की ते गोळीसाठी होतं, उभं धरलं असतं तर बीपी पडलं असतं.

(एवढंच सांगते की विंचू चावला तर घरी ही गोळी शोधत बसू नका, दवाखाना गाठा, तिथं बीपी बघून ठरवतात.)

तिन्हीसांज | २२ डिसेंबर, संध्याकाळी ६:३०

सावित्रीकाठ, तुमच्या वहिनीचं वाचून डोळ्यात पाणी आलं. कोणीतरी असं एक वाक्य आम्हाला पण सांगितलं असतं तर.

डॉक्टर, भावानं आज तुम्ही सांगितलं तसं बीपी घेतलं. आडवं असताना १४२/८०, उभं राहिल्यावर एका मिनिटानं १२४/७४, तीन मिनिटांनी १२८/७६. आणि हे गोळी बंद असतानाचं.

गोदाकाठचा_डॉक्टर | २२ डिसेंबर, रात्री ९:१५

छान केलंत. १८ नं उतरलंय, म्हणजे मर्यादेच्या अगदी अलीकडं, तेही गोळी नसताना. उभं राहिल्यावर वाहिन्या आवळण्याची ती क्रिया वयानं मुळातच थोडी मंद झालेली असते, हे आकडे तुमच्या डॉक्टरांना फार उपयोगी पडतील. कदाचित ते टेराझोसिनऐवजी टॅमसुलोसिन देतील आणि बीपी दुसऱ्या गोळीवर सांभाळतील, कदाचित हीच १ पासून चढवतील, ते त्यांना ठरवू दे.

एक गोष्ट सगळ्यांसाठी. एका गोळीत दोन कामं होतात म्हणून बरं वाटतं, मलाही सुरुवातीच्या वर्षांत वाटायचं. पण अमेरिकेत अ‍ॅलहॅट नावाचा मोठा अभ्यास झाला, ४० हजारांहून जास्त बीपीचे पेशंट, सगळे ५५ च्या पुढचे. त्यातला डॉक्सॅझोसिनचा गट २००० साली मध्येच थांबवावा लागला, कारण क्लोरथॅलिडोन या लघवी वाढवून बीपी उतरवणाऱ्या जुन्या स्वस्त गोळीच्या मानानं तिथं हार्ट फेल्युअर जवळजवळ दुप्पट दिसलं. तेव्हापासून नुसत्या बीपीसाठी अल्फा ब्लॉकर पहिली गोळी म्हणून देत नाहीत. प्रोस्टेटसाठी देतात, किंवा बाकीच्या गोळ्यांनी बीपी आटोक्यात येत नसेल तर जोडीला देतात.

हरितपर्ण | २२ डिसेंबर, रात्री ९:४८

या इंग्रजी गोळ्यांपेक्षा गोखरूचा काढा द्या, आमच्या काकांची गोळी सुटली.

गोदाकाठचा_डॉक्टर | २२ डिसेंबर, रात्री १०:१०

काकांना बरं आहे याचा आनंद आहे. पण काढा घेतला म्हणून चालू गोळी स्वतःहून सोडणं, आणि मग त्रास झाला की परत तीच पूर्ण पावरची सुरू करणं, नेमकं यातूनच बाबांच्या कपाळाला टाके पडले. काढा घेत असाल तर डॉक्टरांना सांगून घ्या.

एडिसनकर | २३ डिसेंबर, सकाळी ८:०५

मी न्यू जर्सीत असतो, माझ्या सासऱ्यांचा अनुभव. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला भारतात गेले, टॅमसुलोसिन चार वर्षं चालू होती, पण ऑपरेशनच्या आधीचे सहा महिने त्यांनीच बंद केलेली. फॉर्मवर चालू औषधं विचारली होती, ती चालू नव्हती म्हणून लिहिली नाही. ऑपरेशनच्या मध्येच डोळ्यातला पडदा, बाहुलीभोवतीचा तो रंगीत भाग, ढिला पडून लडबडायला लागला, बाहुली आकसली. सर्जन अनुभवी होत्या म्हणून निभावलं, पण वेळ दुप्पट लागला आणि डोळा बरेच दिवस लाल राहिला. नंतर त्यांनी समजावलं, त्या पडद्यात पण तसलेच स्नायू असतात आणि गोळीचा परिणाम बंद केल्यावरही राहू शकतो. २००५ साली पहिल्यांदा हे नीट लिहिलं गेलं, टॅमसुलोसिनमध्ये सगळ्यात जास्त दिसतं, पण बाकीच्या भावंडांमध्येही होतं. आधी कळलं तर सर्जन बाहुली धरून ठेवायला बारीक हूक किंवा रिंग तयार ठेवतात आणि ऑपरेशन व्यवस्थित होतं. त्यामुळं चालू आहे का नको, कधी घेतली होती का असं विचारलंय असं समजून सांगा.

भाऊ_वय६९ | २३ डिसेंबर, सकाळी ११:३०

मी स्वतः पेशंट आहे, डोंबिवली. पाच वर्षं टॅमसुलोसिन. दोन गोष्टी सांगतो ज्या पुरुष एकमेकांत पण बोलत नाहीत.

एक, गोळी सुरू झाल्यावर वीर्य बाहेर येणं जवळजवळ थांबलं. मी तीन महिने कोणाला बोललो नाही, बायकोला वाटलं मी टाळतोय, मला वाटलं काहीतरी मोठा आजार झाला. शेवटी डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले या गोळीनं होतं ते, धोका काही नाही, गोळी बंद केली की पूर्ववत होतं. दोन मिनिटांचं बोलणं होतं, त्यासाठी तीन महिने झोप घालवली. तसंच त्या दुसऱ्या कामासाठी सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) वगैरे कोणी गुपचूप घेत असेल तर ही गोळी चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, दोन्हींनी मिळून बीपी एकदम खाली जातं. आणि क्वचित होतं पण माहीत असावं, ताठरता चार तास उतरली नाही तर रात्र असली तरी कॅज्युअल्टी गाठायची, सकाळची वाट बघायची नाही.

दोन, सर्दीच्या गोळ्या. गेल्या पावसाळ्यात नाक चोंदलं म्हणून समोरच्या दुकानातून सर्दीची गोळी आणली, दोन दिवस घेतली. दुसऱ्या रात्री लघवी पूर्ण तुंबली, पोट फुग्यासारखं, थेंब निघेना. रिक्षातला प्रत्येक खड्डा पोटात लागत होता. नळी टाकली तेव्हा जवळजवळ लिटरभर निघालं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की त्या गोळीत फिनाइलएफ्रिन असतं, ते नाक मोकळं करतं पण प्रोस्टेटचे तेच स्नायू आवळतं, आणि क्लोरफेनिरामिन मूत्राशयाचा जोर घालवतं. नाक चोंदणं तर प्रोस्टेटच्या गोळीचाच एक साइड इफेक्ट आहे असं पण ते म्हणाले! आता मी वाफ घेतो आणि मिठाच्या पाण्याचे थेंब घालतो.

निशिगंध | २३ डिसेंबर, दुपारी १२:१०

भाऊ, इतकं मोकळं लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. सासऱ्यांना हा धागा वाचायला देते. ते दर एकादशी निर्जळी करतात, चालेल का?

गोदाकाठचा_डॉक्टर | २३ डिसेंबर, दुपारी ३:३५

उपास करू दे, निर्जळी नको. पाणी कमी पडलं की बीपी आधीच खाली असतं आणि वर ही गोळी. शिवाय टॅमसुलोसिन जेवणानंतरची, उपास म्हटल्यावर ती रिकाम्या पोटी जाणार. त्या दिवशी फराळानंतर घ्यायला सांगा. जुलाब, उलट्या, ताप असेल तेव्हाही फोन करून विचारा. कडकडीत पाण्यानं आंघोळ करून एकदम उठणं, दारू, दर्शनाच्या रांगेत तासन् तास एका जागी उभं राहणं, या सगळ्यात चक्कर येऊ शकते. रांगेत उभं असलात तर पायाच्या पोटऱ्या आवळत सोडत राहा, रक्त वर चढतं. चक्कर आलीच तर लाज न बाळगता तिथंच खाली बसा किंवा आडवे व्हा. लोक आधाराला भिंत शोधत चार पावलं चालतात आणि त्या चार पावलांतच पडतात.

तिन्हीसांज | ९ जानेवारी, रात्री ९:२५

सगळ्यांचे आभार, अपडेट देते. डॉक्टरांना आकडे दाखवले आणि सगळ्या पट्ट्या घेऊन गेलो. त्यांनी टेराझोसिन बंद करून टॅमसुलोसिन दिली, रात्रीच्या जेवणानंतर, आणि अ‍ॅम्लोडिपिन सकाळी केली. बाबा आधी नाहीच म्हणत होते. मग मी त्यांना सावित्रीकाठ यांच्या भाच्याची गोष्ट वाचून दाखवली. बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे गोळी वाईट नाही, उभं राहण्याची घाई वाईट."

पहिले चार दिवस मी रजा टाकून त्यांच्याच खोलीत झोपले. रात्री उठायचं झालं की आधी कुशीवर वळायचं, मग कॉटच्या कडेला पाय सोडून बसायचं, मोठ्यानं तीसपर्यंत आकडे मोजायचे, मग उभं राहायचं, कठडा धरून आणखी दहा. वहिनींनी कॉट बाथरूमच्या भिंतीला लावली, भावानं सेन्सरचा दिवा बसवला, पाय खाली टेकले की लागतो. लघवी पण बसूनच करायची असं ठरलंय, ते मात्र त्यांना अजून पटलेलं नाही, पण करतात. मी पुण्यात परत आलेय, पण वहिनी सांगतात की मध्यरात्री खालून आकडे ऐकू येतात, आणि तीस झाले की त्या परत झोपतात.

आता रात्रीतून दोनदा उठतात. उभं राहिल्यावरचं बीपी काल १२६/७४ होतं.

एडिसनकर, तुमच्यासाठी खास. बाबांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलाय, फेब्रुवारीत ऑपरेशन करायचं म्हणतात. मी डोळ्याच्या फाइलवर वरच्या कोपऱ्यात लाल पेनानं दोन्ही गोळ्यांची नावं लिहिली आहेत, कधी सुरू, कधी बंद, तारखांसकट. टेराझोसिनची पण लिहिली, आता बंद असली तरी.